उंदीर मारले तर गावातला ताप थांबेल का?

तुम्ही विचारलंय की वडील सोयाबीनच्या वावरातून आल्यापासून तापाने फणफणले आहेत, मलेरिया-डेंग्यूच्या तपासणीत काही निघालं नाही, आणि शेजारी म्हणतात उंदीर-घुशी माजल्या म्हणून हे झालं, तर घरात-शेतात औषध टाकून उंदीर मारावेत का. उंदरांचं नंतर बघू. आधी वडिलांचे कपडे उतरवून अंग नीट बघा. काख, जांघ, कंबर, गुडघ्यामागची घडी, कानामागं, केसांत. विडीचा चटका बसावा तशी काळी खपली आणि तिच्याभोवती लाल कड दिसली, तर आजच डॉक्टरांना दाखवा आणि ‘हा स्क्रब टायफस, म्हणजे गवतातल्या किड्याच्या चाव्याने येणारा ताप, तर नाही ना?’ असं स्पष्ट विचारा. ही खपली बहुधा दुखत नाही, म्हणून कोणी तिच्याबद्दल बोलत नाही.

मी हे पोटतिडकीने लिहिते आहे, कारण २०१८ साली माझ्या आईच्या अंगावर हीच खपली होती आणि तिला तपासणाऱ्या एकानेही ती पाहिली नव्हती.

माझं माहेर काटोलकडचं. पोळा होऊन गेला होता, पाऊस उघडला होता, धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, गवत कमरेएवढं वाढलं होतं. आई रोज बैलांसाठी भारा कापून आणायची. शिदोरीही तिथंच गवतात बसून खायची. मग ताप आला. डोकं फुटेल इतकं दुखायचं, अंग मोडून यायचं. दादाने तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. रक्त काढलं, ‘टायफॉईडचे अंश आहेत’ म्हणाले, सलाईन लावलं, इंजेक्शनं दिली. ताप हटेना. पुन्हा रक्त काढलं तर प्लेटलेट उतरलेल्या, म्हणून मग डेंग्यू ठरवला. मी स्पष्टच सांगते, विडाल या रक्ततपासणीच्या एका कागदावर टायफॉईड आणि प्लेटलेट कमी म्हटलं की डेंग्यू, ही आपल्याकडची पद्धत माणसं मारते. स्क्रब टायफसमध्येही प्लेटलेट उतरतात. आणि त्याचा जीवाणू आपल्या पेशींच्या आत शिरून राहतो, त्यामुळे टायफॉईडसाठी सर्रास टोचलं जाणारं सेफ्ट्रियाक्झोन त्याच्यावर चालत नाही. रोज सलाईन लागतंय, इंजेक्शन मिळतंय, म्हणून घरच्यांना वाटतं इलाज चालू आहे, आणि आत फुप्फुसं, मूत्रपिंडं, मेंदू यांवर घाला पडत असतो.

आईला धाप लागली तेव्हा आम्ही तिला नागपूरला हलवलं. तिथं एका तरुण डॉक्टरीणबाईंनी पुरुष मंडळींना बाहेर काढलं, पडदा ओढला आणि आईला परकराची नाडी सैल करायला सांगितली. आई म्हणाली, ‘तिथं काई नाई वं माय, नाडीनं घासलं असंल.’ नाडीच्या बरोबर खाली ती काळी खपली होती. लुगडं-साडी नेसणाऱ्या बाईच्या कमरेवर नाडीचा वळ असतोच, काळपट डागही असतो. त्यातली एक खपली वेगळी आहे हे तिला स्वतःलाही कळत नाही आणि पुरुष डॉक्टर तिथवर बघायला धजत नाही. रिपोर्टची वाट न बघता त्या डॉक्टरीणबाईंनी डॉक्सीसायक्लिन हे या जीवाणूवर चालणारं औषध सुरू केलं. हेच बरोबर आहे. आयसीएमआर या देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात की संशय पक्का असेल तर तपासणीच्या निकालासाठी औषध अडवू नये. आईचा ताप उतरला, धाप थांबली, ती घरी आली. त्या साली नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत या तापाचे रुग्ण एकामागोमाग निघत होते, तरी तालुक्याला कोणाच्या मनात हे नाव आलं नाही.

आता उंदरांचं. आई दवाखान्यात असतानाच माझ्या आत्याने चार लोकांत वहिनीला ऐकवलं, ‘घर सांभाळता येत नाई, उंदीर माजवून ठेवले, म्हणून माह्या भावजयीवर हे दिवस आले.’ वहिनी एक शब्द बोलली नाही. घरी जाऊन तिने कोठीची खोली उपसली, भिंती पोतारल्या, बिळाबिळात औषध टाकलं. तरी वर्षभर शेजारच्या बाया पोरांना आमच्या अंगणात येऊ देत नव्हत्या. माझ्या वहिनीचं अंगण रोज सारवलेलं असतं, तिथं गवताची काडी दिसत नाही. म्हणून तुमच्या शेजाऱ्यांचं बोलणं वाचलं आणि गप्प राहवलं नाही.

या तापाचा जीवाणू, ओरिएन्शिया त्सुत्सुगामुशी, उंदराच्या चाव्यातून येत नाही, लेंड्यांतून येत नाही, धान्यातून येत नाही आणि आजारी माणसाकडून दुसऱ्याला लागत नाही. तो येतो माइट नावाच्या किड्याच्या पिल्लाकडून. पिल्लू ०.२ मिलिमीटरच्या आसपास, लालसर, डोळ्याला जवळजवळ न दिसणारं. ते गवताच्या टोकाशी बसून वाट बघतं आणि जवळून जाणाऱ्या उंदराला, घुशीला, चिचुंद्रीला किंवा माणसाला चिकटतं. आयुष्यात ते असं एकदाच चावतं, पोट भरलं की मातीत उतरतं. मोठा झालेला माइट कोणाला चावत नाही. मग पिल्लात जीवाणू येतो कुठून? मुख्यतः त्याच्या आईकडून, अंड्यातूनच. म्हणजे जीवाणूचं खरं घर माइट. उंदीर-घुशी त्या पिल्लांना खाऊ घालतात आणि अंगावर वागवत या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर नेतात. धुरा, नाल्याचा काठ, पडीक वावर, झुडपी जंगलाची कड, ही त्यांची जागा. आईला हा रोग धुऱ्यावर लागला. वहिनीच्या कोठीत नाही.

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. एका हंगामात उंदीर मारले तरी माइट मातीत राहतात, त्यांची अंडी जीवाणूसकट फुटतात आणि भुकेलं पिल्लू पुढच्या माणसाला चिकटतं. त्यात झिंक फॉस्फाइड घरात लहान मुलं आणि कोंबड्या असताना टाकणं मला अजिबात पटत नाही. त्याच पैशात आणि मेहनतीत ज्या धुऱ्यावरून येणं-जाणं आहे तिथलं गवत कापा. गवत कापायला जाताना पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, पायजमा मोज्यांत खोचा. उघड्या गवतावर बसू-लोळू नका, काढलेला सदरा त्यावर टाकू नका. घरी आल्यावर लगेच साबणाने अंग घासून धुवा, कपडे गरम पाण्यात टाका. आणि बायांना हे आधी सांगा, कारण निंदण आणि चाऱ्याचा भारा त्यांच्याच वाट्याला असतो.

उंदीर निर्दोष आहेत असं मात्र मी म्हणत नाही. लेप्टोस्पायरोसिस हा ताप मुख्यतः उंदराच्या लघवीतून येतो, तो पाण्याने भरलेल्या धानाच्या बांधीत चिरलेल्या पायांतून शिरतो. पोटऱ्या भयंकर दुखतात, डोळे लाल होतात, कधी कावीळ होते. वडील धानात उतरले असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. प्लेगचा जीवाणू उंदरावरच्या पिसवांतून येतो, १९९४ ला बीड आणि सुरतेला काय झालं ते मोठ्या माणसांना आठवत असेल. म्हणून धान्याची कोठी बंद ठेवणं चांगलंच. आणि तुमच्या गोठ्यामागं किंवा सरपणाच्या ढिगाभोवती रान माजलं असेल तर घराजवळही माइट असू शकतात, ते साफ करा. फक्त त्यावरून घरातल्या सुनेचा न्याय करू नका.

खपली प्रत्येकाला उठतेच असं नाही. सापडली नाही तरी स्क्रब टायफसची आयजीएम एलायझा ही रक्ताची तपासणी करायला सांगा. तापाच्या पहिल्या काही दिवसांत ती निगेटिव्ह येऊ शकते, तेवढ्यावरून विषय सोडू नका. पिल्लू चावल्यावर ताप यायला ६ ते २१ दिवस लागतात, म्हणून डॉक्टरांना कालपरवाचं सांगून भागणार नाही, मागच्या तीन आठवड्यांत वडील कुठं कुठं गवतात गेले ते सांगा. मोठ्या माणसाला साधारणपणे डॉक्सीसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात, गरोदर बाईला अ‍ॅझिथ्रोमायसिन. गंभीर रुग्णांना ही दोन्ही औषधं शिरेतून एकत्र दिलेली जास्त गुण देतात, हे भारतातल्याच ७ दवाखान्यांत झालेल्या आणि २०२३ ला छापून आलेल्या चाचणीत दिसलं. हे वाचून मेडिकलमधून गोळ्या आणून देऊ नका, मी डॉक्टर नाही. धाप, बडबड, झापड किंवा लघवी कमी होणं यातलं काहीही दिसलं तर तालुक्याला थांबू नका, सरळ मोठ्या दवाखान्यात न्या. योग्य औषध सुरू झालं की ताप बहुधा ४८ तासांत उतरतो. नाही उतरला तर निदान पुन्हा तपासायला लावा.