रुगरचं सिंगल-सिक्स रिव्हॉल्व्हर गनस्मिथकडून सुधारून (कस्टम करून) घ्यावं, की त्याच पैशांत फ्रीडम आर्म्स कंपनीचं मॉडेल 97 रिव्हॉल्व्हर घ्यावं?

तुम्ही अमेरिकेत आहात, हाताशी .22 चं सिंगल-सिक्स आहे आणि 25 यार्डांवर गट (कागदावरच्या भोकांचा पुंजका) लहान हवाय, असं धरून लिहितो.

आधी एक गोष्ट ठणकावून सांगतो. ट्रिगर रिटर्न स्प्रिंगचा एक पाय खुंटीवरून काढून ठेवला म्हणजे रिव्हॉल्व्हर ‘कस्टम’ होत नाही. चाप हलका होतो, बस्स. नेम सिलिंडरमधले चेंबर (काडतुसांची भोकं) आणि नळी एका रेषेत आहेत की नाहीत, यावर ठरतो. आमच्या रेंजवर हा वाद वर्षानुवर्षं चाललाय आणि चाप हलका केला की गट आपोआप आवळतो म्हणणाऱ्यांना मी दर वेळी हेच सांगतो: सिलिंडरवर चेंबरना 1 ते 6 आकडे घाला. वाळूच्या पिशवीवर टेका. एकेका चेंबरमधून पाच-पाच गोळ्या वेगळ्या कागदावर मारा. पाच चेंबर एका जागी आणि एकच भलतीकडे मारत असेल, तर दोष सिलिंडरचा. सगळेच विस्कटत असतील, तर आधी काडतूस बदला, मग नळीचं पुढचं तोंड आणि फोर्सिंग कोन (नळीच्या मागच्या टोकाचा निमुळता भाग) तपासा. ही चाचणी न करता गनस्मिथकडे जाणं म्हणजे पैसे पाण्यात.

सिलिंडरचा दोष निघाला तर खर्च खरा वाढतो. पाडलेली भोकं सरकवता येत नाहीत. कोरा सिलिंडर फ्रेममध्ये बसवून, लॉक करून, नळीच्या रेषेतच चेंबर पाडावे लागतात. फ्रीडम आर्म्स हे काम कारखान्यातच करते, तुम्ही किंमत त्याचीच मोजता. त्यात कन्व्हर्टिबल (.22 एलआर आणि .22 मॅग्नम या दोन काडतुसांसाठी दोन सिलिंडरवालं) असेल तर आणखी एक अडचण: .22 एलआरच्या नळीचं खाचेचं माप .222 इंच, मॅग्नमचं .224, आणि दोन्ही सिलिंडरांना नळी एकच. म्हणजे एका काडतुसाला तरी नळी नीट जुळत नाही, म्हणून नळीही बदलायची. नवा सिलिंडर आणि नवी नळी दोन्ही लागत असतील, तर सरळ 97 घ्या.

चाचणीत सगळे चेंबर एकत्र आले, तर रुगरच ठेवा. जाडसर बेस पिन (सिलिंडर ज्यावर फिरतो तो दांडा), सिलिंडरची मागेपुढे हालचाल कमी करणं, 11 अंशांचा फोर्सिंग कोन आणि फ्री-स्पिन पॉल (पॉल म्हणजे सिलिंडर फिरवणारा भाग) एवढं पुरतं. चेंबर इजेक्टरच्या (रिकामं काडतूस ढकलणाऱ्या दांड्याच्या) पुढे निसटला तरी या पॉलमुळे सिलिंडर मागे फिरवता येतो. मेनस्प्रिंग मात्र हलकी करू देऊ नका. रिमफायरला काठ चेपायला घोड्याचा पूर्ण ठोका लागतो, नाहीतर काडतुसं फुसकी जातात.

तुमचं 1973 च्या आधीचं तीन स्क्रूवालं असेल, तर घोडा रिकाम्या चेंबरवर ठेवून पाचच भरा. रुगर त्यात ट्रान्सफर बार (चाप ओढल्याशिवाय घोड्याचा ठोका काडतुसापर्यंत पोचू न देणारी सोय) फुकट बसवून देते आणि काढलेले मूळ भाग परत पाठवते, ते जपून ठेवा.