रिपोर्ट नॉर्मल, तरी छाती दुखते

"ईसीजी, टूडी इको, ट्रोपोनिन, टीएमटी, हृदयाच्या सगळ्या तपासण्या नॉर्मल. मग मी काय दुखण्याचं सोंग करतोय?" इंदूरच्या रामबागेतल्या 44 वर्षांच्या एका गृहस्थांचा हा पहिलाच प्रश्न.

सोंग मुळीच नाही. दुखणं खरं असतं, त्याचं मूळ हृदयाबाहेर असू शकतं. मोठ्या भावाची बायपास झाल्यापासून यांचं सारं लक्ष छातीकडे. जरा टोचलं की श्वास उथळ आणि भरभर चालायचा. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो. बोटांना मुंग्या येतात, गरगरतं. बरगड्यांमधले स्नायू ताणले जाऊन दुखू लागतात. त्यातून भीती आणखी वाढते. भरीला सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, उशिरा खाऊन लगेच आडवं होणं, म्हणजे जळजळही आलीच.

त्यांना दोन आठवडे वही ठेवायला सांगितलं: कळ कधी आली, तेव्हा काय करत होतो, मनात काय आलं, 0 ते 10 मध्ये किती दुखलं, किती वेळ टिकलं. वहीत दिसलं की जिना चढताना काहीच होत नाही. कळ येते रात्री अंथरुणावर, किंवा भावाचा फोन ठेवल्यावर. ही वही त्यांनी डॉक्टरांनाही दाखवली, ते फार बरं झालं.

मग श्वासाचा सराव. हात पोटावर, नाकाने 4 मोजेपर्यंत आत, 6 मोजेपर्यंत सावकाश बाहेर. 5 मिनिटं, दिवसातून दोनदा, बरं वाटत असताना. बहुतेक जण इथेच चुकतात. कळ आल्यावरच पहिल्यांदा करून बघतात, घाईघाईने खोल श्वास ओढतात आणि गरगर वाढवून घेतात. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना उपाय तर करूच नये. दुखणं हृदयाचं किंवा फुफ्फुसाचं निघालं तर तो जिवावर बेतू शकतो.

सर्वांत अवघड गेलं ते सारखी नाडी बघणं सोडणं. "काही झालं नाहीये हो तुम्हाला" हा पत्नीचा दिलासा तासभर पुरायचा, मग पुन्हा तोच प्रश्न. त्याऐवजी "चला, श्वासाचं करू" एवढंच म्हणायचं ठरलं. बंद केलेलं फिरणं डॉक्टरांना विचारून रोज 10 मिनिटांपासून सुरू केलं.

श्रमाने येणारी आणि विसाव्याने थांबणारी कळ मात्र अँजिओग्राफी नॉर्मल असली तरी डॉक्टरांना सांगावी. बारीक रक्तवाहिन्यांचा दोष त्यात दिसत नाही. आणि छातीवर दाब, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी कळ, घाम, धाप, किंवा नेहमीपेक्षा वेगळं काहीही जाणवलं, तर वही आणि श्वासाचा सराव बाजूला ठेवून लगेच 108 ला फोन करायचा. स्वतः गाडी चालवत जायचं नाही.