वाचकांचे प्रश्न : भाकर मिनिटात फस्त करणारा कुत्रा

प्रश्न : आखाड्यावर (शेतातल्या वस्तीवर) दोन वर्षांचा कारवान जातीचा कुत्रा आहे. संध्याकाळी एकदाच, पातेल्यात चार भाकरी मोडून, वरून दूध घालून देतो. मिनिटभरात गिळतो आणि बऱ्याचदा लगेच ओकतो; तुकडे जसेच्या तसे पडतात. शेजारच्या आखाड्यावरची कुत्रीही तेव्हाच घोटाळत असतात. काय करावे?
— एक वाचक, औसा (जि. लातूर)

उत्तर : भांड्याआधी वेळ बदला. दिवसभराचा उपाशी कुत्रा, त्यात भोवती वाटेकरी. तो सावकाश खाणारच नाही. त्याच चार भाकरी दोनदा घाला, दोन सकाळी ऊन चढायच्या आत, दोन दिवस मावळल्यावर, आणि शेजारची कुत्री नजरेआड राहतील अशा जागी. जंताचे औषध देऊन तीन महिने उलटले असतील तर तेही द्या.

भाकरीचे मोठे तुकडे कुत्रा चावत बसत नाही. भाकर बारीक कुस्करून पातळ ताकात किंवा बिनफोडणीच्या, बिनमिठाच्या वरणात पंधरा मिनिटे भिजवा. दूध पूर्ण वाढलेल्या अनेक कुत्र्यांना पचत नाही, हगवण लागते. कांदा-लसणाचे कालवण मात्र कधीच नको. दोन्हींमुळे रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

आता भांडे. खोल पातेल्यात तोंड खुपसले की घास मोठा येतो. रुंद परातीत मधोमध जड वाटी पालथी घाला आणि अन्न कडेने पसरा. जुने बिडाचे आप्पेपात्र असेल तर फारच छान: प्रत्येक खळग्यात चमचा-दोन चमचे अन्न, आणि खळगा रिकामा करायला जीभ आत घालून चाटावेच लागते. खाली ओले गोणपाट टाका, नाहीतर भांडे सरकते आणि कुत्रा ते उलटे करायला शिकतो. नॉनस्टिक नको, दात लागून थर निघतो. काहीजण भांड्यात दगड ठेवतात. तो तोंडात मावणारच नाही एवढा मोठा नसेल तर कुत्रा गिळतो किंवा दात तुटतो. खाताना भांडे ओढून घेऊन शिस्त लावू नका, तो अजून भराभर गिळेल आणि गुरगुरायला लागेल.

कारवानची छाती खोल असते, अशा कुत्र्यांत जठर फुगून पीळ पडण्याचा धोका जास्त. जेवणानंतर तासभर पळवू नका. पोट टणक फुगले, उमासे येतात पण बाहेर काहीच पडत नाही, लाळ गळते, एका जागी बसवत नाही, असे दिसले तर सोडा-ओवा करत बसू नका, रात्र असली तरी लगेच पशुवैद्याकडे न्या. पीळ शस्त्रक्रियेनेच सुटतो. पशुवैद्यकीय महाविद्यालय तुमच्या जिल्ह्यातच, उदगीरला आहे.

प्रश्न : पगसाठी बाजारातले स्लो फीडर (सावकाश खायला लावणारे खाचांचे भांडे) घ्यावे का?
— एक वाचक, परभणी

उत्तर : घ्या, पण उथळ खाचांचे. खोल खाचांत पगचे चपटे नाक दबते आणि श्वास अडतो. साध्या ताटात अन्न पातळ पसरले तरी त्याचे काम भागते.