उपग्रहचित्र वाचायला बसण्यापूर्वी

आपल्या गटात आल्यावर इन्सॅट-३डीएस या हवामान उपग्रहाची अवरक्त (म्हणजे उष्णतेचे प्रारण टिपणारी) चित्रे आधी हाताळावीशी वाटतात, ते योग्यच आहे. मात्र फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रक्षेपित झालेल्या या उपग्रहाच्या औष्णिक अवरक्त चित्रातला एक ठिपका सुमारे ४ किलोमीटरचा असतो, म्हणजे नागपूरचा अंबाझरी तलाव आणि भोवतालची वस्ती त्यात एकत्रच मिसळते, हे ध्यानात ठेवावे. पांढरेशुभ्र, म्हणजे अतिशय थंड, ढगमाथे पाहून लगेच पाऊस लिहू नका, कारण वादळी ढग विरल्यावर उरलेला तंतुमेघांचा (उंचावरच्या पातळ ढगांचा) पसाराही तितकाच थंड असू शकतो. मी पहिल्या वर्षी नागपुरावर असाच पाऊस ‘पाडला’ आणि पर्जन्यमापक कोरडा ठणठणीत निघाला. चित्रावरची वेळ जागतिक प्रमाणवेळेत असेल, तर साडेपाच तास मिळवल्याशिवाय नोंदवहीत काही उतरवू नये.