आईसाठी सोसायटीत रॅम्प मागितला तर "आम्ही उचलून घेऊ ना" म्हणतात. कायदा काय सांगतो आणि किती ताणून धरावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पक्षाघात झाल्यापासून आई व्हीलचेअरवर आहेत. नाशिकच्या इंदिरानगरमधल्या तुमच्या इमारतीच्या दाराशी चार पायऱ्या आहेत. रॅम्पचा विषय काढला की कमिटी म्हणते, "कधीही हाक मारा, पोरं उचलून घेतील." आणि आता आईच म्हणायला लागल्यात, "जाऊ दे रे, मला कुठे जायचंय?" कायदा आपल्या बाजूने आहे का, आणि शेजाऱ्यांशी किती वाईटपणा घ्यायचा, हे तुम्हाला हवंय.

कायद्याचं सांगते, पण आधी आईंच्या त्या वाक्याबद्दल. ते शब्दशः घेऊ नका. मणक्याच्या दुखापतीनंतर मी गेली कित्येक वर्षं खुर्चीवर आहे, सातपूरला एका कारखान्यात हिशेबाचं काम बघते, आणि अगदी हेच वाक्य मी माझ्या घरी म्हटलेलं आहे. मला बाहेर जायचं नव्हतं असं नाही. मला उचलून घ्यायला नको होतं.

उचलणं म्हणजे काय, हे उचलणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. चार जण धावत येतात, मनापासून येतात. एक जण हात टेकायचा दांडा धरतो. बऱ्याच खुर्च्यांचा तो दांडा काढता-घालता येणारा असतो, त्यामुळे जोर लागला की निघून त्याच्या हातात येतो. दुसरा पाय ठेवायची पट्टी धरतो, ती बाजूला फिरते. मागचा माणूस मुठी धरून वर ओढतो, खुर्ची मागे कलते आणि बसलेल्या माणसाला पायऱ्या दिसायच्या बंद होतात, नुसतं छत दिसतं. पडायची भीती वाटून आपण काहीतरी घट्ट पकडतो, तर वरून सूचना येते, "काकू, हात सोडा, काही होत नाही." तेवढ्यात कोणीतरी काखेत हात घालतं. बाईमाणूस असेल तर पदर, निऱ्या, लघवीची पिशवी असेल तर ती, सगळं वॉचमनपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांसमोर. वर पोहोचल्यावर हसून आभार मानायचे. आणि तासाभराने परत यायचं असतं, तेव्हा पुन्हा हेच.

आता सांगा, मेथीची जुडी आणायला कोण हे करून घेईल? शेजारच्या हळदीकुंकवाला? मग माणूस हिशेब करायला लागतो. डॉक्टरकडे जाणं अटळ आहे, तिथे जायचं. बाकीचं हळूहळू गळतं. वर्षभराने घरचे म्हणतात, "आईला आता आवडतच नाही बाहेर पडायला."

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. नाशिकसारख्या गावात आमच्या वाटेत उभा राहणारा माणूस सहसा वाईट नसतो. तो मदतीला तयार असतो, आणि तो तयार आहे म्हणूनच उतार बांधला जात नाही. सरकारी कार्यालयात हाच अनुभव, बँकेत हाच, मंगल कार्यालयात हाच. "मॅडम, आम्ही आहोत ना." तुम्ही आज आहात, उद्या सुट्टीवर असाल. उतार सुट्टीवर जात नाही.

हे करता येत नाही असंही नाही. २०२४ च्या लोकसभेला ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या मतदारांना घरून मतदानाची सोय होती. ज्यांना हलताच येत नाही त्यांच्यासाठी ती मोठी गोष्ट आहे. मी मात्र केंद्रावरच गेले. आमचं केंद्र एका शाळेत होतं आणि दाराशी लाकडी फळ्यांचा उतार टाकलेला होता. मी माझी मी आत गेले, रांगेतल्या बायकांशी उन्हाबद्दल बोलले, बोटाला शाई लावून बाहेर आले. दुसऱ्या दिवशी तिथून जाताना पाहिलं तर फळ्या गायब. त्या शाळेत एखादं मूल खुर्चीवरून यायचं झालं तर त्याने काय करायचं? एका दिवसासाठी ज्या पायरीवर उतार बसू शकतो, तिच्यावर तो कायमचा बसू शकतो, एवढं तर त्या दिवशी सिद्ध झालंच होतं.

आता कायदा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. १९९५ च्या जुन्या कायद्याची जागा त्याने घेतली आणि त्यात २१ प्रकारची अपंगत्वं धरली आहेत. कलम ३ समानता आणि भेदभावाला मनाई याबद्दल आहे. कलम ४४ नुसार प्रवेशसुलभतेचे नियम पाळले नसतील तर नव्या बांधकामाला परवानगी द्यायची नाही आणि पूर्णत्वाचा दाखलाही द्यायचा नाही. कलम ४५ ने जुन्या सार्वजनिक इमारती नियम आल्यापासून पाच वर्षांत सुलभ करायला सांगितल्या होत्या. नियम २०१७ मध्ये आले, म्हणजे ती मुदत २०२२ मध्येच संपली. आजूबाजूला बघा आणि काय ते समजा.

तुमची इमारत जुनी आणि राहण्याची आहे. तेव्हा खरं तेच सांगते: जुन्या निवासी सोसायटीने अमुक तारखेच्या आत रॅम्प बांधलाच पाहिजे, असं एका ओळीत सांगणारं कलम तुम्हाला सापडणार नाही. पण याच कायद्याच्या व्याख्यांच्या कलमात 'खासगी आस्थापना' म्हणजे काय ते दिलंय, आणि त्यात कंपनी, ट्रस्ट, कारखाना यांच्याबरोबर सहकारी संस्थाही आहे. "हा कायदा सरकारी ऑफिसांसाठी आहे, आमचा काय संबंध" असं सेक्रेटरी म्हणाले तर त्या पानाची प्रत त्यांच्यापुढे ठेवा. 'वाजवी सोयीसुविधा' हीसुद्धा कायद्यातलीच संकल्पना आहे: समोरच्यावर अवाजवी भार न टाकता एखाद्या व्यक्तीसाठी करता येण्याजोगा आवश्यक बदल. चार पायऱ्यांच्या बाजूला उतार हा अवाजवी भार आहे, असं पंचवीस-तीस फ्लॅटच्या सोसायटीने म्हणणं कठीण आहे.

याला वरच्या कोर्टाचा आधारही आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात सांगितलं की, प्रवेशसुलभतेचे निकष नुसते शिफारशीसारखे ठेवणारा केंद्राचा नियम १५ मूळ कायद्याशी विसंगत आहे, आणि केंद्राने तीन महिन्यांत बंधनकारक नियम करावेत. म्हणजे "जमलं तर करू" ही भाषा कोर्टाला चालली नाही. ती तुम्हीही चालवून घेऊ नका.

तक्रारीची वेळ आली तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे अर्ज करता येतो, त्यांचं कार्यालय पुण्याला आहे. हक्क डावलल्याची चौकशी ते करू शकतात आणि त्यासाठी कागद मागवायचे, लोकांना बोलवायचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार त्यांना आहेत. सोसायटीच्या कारभाराबद्दल असेल तर सहकारी संस्थांचे उपनिबंधक आहेतच. पण ही दारं नंतरची.

आईंचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलं नसेल तर स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून टाका, तपासणी सिव्हिल हॉस्पिटलला होते. कार्डाच्या रंगावरून अपंगत्वाची टक्केवारी कळते: ४० च्या खाली पांढरं, ४० ते ८० पिवळं, ८० आणि वर निळं. अर्जाला जोडायला ते लागेल.

खरी लढाई मापाची आहे. त्यावर जास्त लिहिते, कारण बहुतेक रॅम्प इथेच वाया जातात. व्हीलचेअरच्या उताराचं प्रमाण एकास बारा. एक इंच चढायला बारा इंच लांबी. तुमच्या चार पायऱ्या सहा-सहा इंचांच्या धरल्या तर उंची दोन फूट, म्हणजे उताराची लांबी चोवीस फूट. हे ऐकलं की कमिटीतले लोक दचकतात आणि म्हणतात, "एवढी जागा कुठाय? सहा फुटांत बसवून देतो." तो सहा फुटांचा उतार स्कूटर चढवायचा असतो. त्यावरून खुर्ची एकट्याने चढत नाही आणि उतरताना माणूस तोंडावर पडतो. असा उतार नसलेला बरा, कारण तो झाला की "करून दिलाय की तुम्हाला" म्हणून विषय कायमचा मिटतो.

चोवीस फूट सरळ मिळत नसतील तर मध्ये सपाट जागा सोडून वळवता येतो. खुर्ची फिरेल एवढी, म्हणजे पाच फूट बाय पाच फूट सपाटी ठेवा. रुंदी निदान चार फूट. दोन्ही बाजूंना धरायला कठडा, आणि कडेला दोन-तीन इंचांची उंचवटी, म्हणजे चाक खाली घसरत नाही. पॉलिश केलेला ग्रॅनाइट अजिबात नको, पावसाळ्यात त्यावर धडधाकट माणसंही घसरतात. खरबरीत चेकर्ड टाइल किंवा घासलेली नसलेली शहाबादी चालते. आणि पुढच्या दाराचा हट्ट धरण्याआधी पार्किंगच्या बाजूने लिफ्टपर्यंत जाऊन बघा. आपल्याकडच्या बऱ्याच इमारतींत पार्किंगपासून लिफ्टच्या ओट्यापर्यंत एकच पायरी असते. तिला सहा फूट पुरतात, आणि मग खर्चाचा प्रश्नच उरत नाही. लिफ्टचं दारही मोजा, जुन्या चार माणसांच्या लिफ्टचं दार अरुंद असतं आणि खुर्ची चाकांच्या बाहेरच्या कडांपासून मोजावी लागते, सीटपासून नाही.

हे माप कागदावर काढून, रेखाचित्रासह, सेक्रेटरींना लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. तोंडी बोलणं जिन्यातच विरतं. पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर विषय घ्यायला लावा. टाळाटाळ झाली तर एक पंचमांश सभासदांच्या सह्यांनी विशेष सभा मागता येते. ठराव मंजूर झाला तर इतिवृत्तात येईल, नामंजूर झाला तरी येईल, आणि आयुक्तांकडे जायची वेळ आली तर तोच कागद उपयोगी पडेल.

सभेत एक जण नक्की विचारेल, "एका माणसासाठी सगळ्यांनी खर्च का करायचा?" त्यावर लोक सांगतात की उतार सगळ्यांनाच लागतो: गुडघ्याचं ऑपरेशन झालेले काका, बाळाची गाडी, गॅसची टाकी. ते खरं आहे, मतं मिळवायला सांगाही. पण मला तो युक्तिवाद मनातून पटत नाही. उद्या इमारतीत कोणाचेच गुडघे दुखत नसले आणि फक्त तुमच्या आईच खुर्चीवर असल्या तरी उतार झालाच पाहिजे. मेंटेनन्स त्या पूर्ण भरतात, दार मात्र त्यांच्या वाट्याला येत नाही, हे साधं अन्यायाचं गणित आहे.

वाईटपणा किती घ्यायचा? उचलायला येणाऱ्या मुलांशी अजिबात घेऊ नका. त्यांना शांतपणे सांगा, "तुम्ही चांगले आहात, पण आईला उचलून घ्यायला आवडत नाही. सभेत हात वर करा, तीच मदत." आमच्या इमारतीत हेच वाक्य कामी आलं. उचलायला सगळ्यात आधी धावणारा मुलगाच गवंड्यापाशी उभा राहून उतार मोजून घेत होता. कमिटीशी मात्र पत्रावर पत्र, आवाज न चढवता, न थांबता.

आणि इमारतीच्या बाहेर पडल्यावर पुढचा प्रश्न आहेच. २०२७ च्या सिंहस्थासाठी शहरात रस्ते नव्याने होतायत, हीच वेळ आहे. फुटपाथ सहा इंचांपेक्षा उंच नको, आणि कोपऱ्यावर त्याला रस्त्यापर्यंत उतार हवा. दुचाक्या शिरू नयेत म्हणून बागेच्या आणि जॉगिंग ट्रॅकच्या दाराशी जे वाकडेतिकडे पाइप लावतात, त्यांतून खुर्ची जात नाही. अशाच एका ट्रॅकच्या दारातून मी परत फिरलेय. तुमच्या प्रभागात काम सुरू असेल तर महापालिकेला आत्ताच लेखी कळवा, डांबर पडल्यावर कोणी ऐकत नाही.

तूर्त एवढं करा: पायऱ्यांची एकूण उंची, समोरची आणि पार्किंगच्या बाजूची मोकळी जागा, लिफ्टच्या दाराची रुंदी, आणि आईंच्या खुर्चीची बाहेरून बाहेरची रुंदी, हे चार आकडे फूट-इंचांत मोजून खाली लिहा. उतार कुठून बसेल ते मी सांगते. मोजताना आईंनाही बरोबर घ्या आणि कोणत्या बाजूने जायला आवडेल ते त्यांनाच विचारा.