'शेवट गोड तर सारं गोड' हे ख्रिस्ती माणसाला पटतं का?

तुम्ही विचारलंय की ख्रिस्ती लोक पुनरुत्थान, म्हणजे मेलेले पुन्हा उठतील हे, मानतात, मग 'शेवट गोड तर सारं गोड' ही म्हण त्यांना पूर्ण पटत असेल ना?

मला अर्धीच पटते. शेवट गोड होणार यावर माझा विश्वास आहे. पण त्यामुळे मागचं सारं गोड होतं, असं मला बायबलमध्ये कुठे दिसत नाही.

बायबलमधल्या ईयोब या देवभक्ताच्या पुस्तकाचंच घ्या. आमच्याकडे दफनाच्या वेळी त्यातलं वचन हमखास वाचतात. ईयोबाची गुरंढोरं, मुलंबाळं, सगळं जातं आणि शेवटी देव दुप्पट देतो. ७,००० मेंढरांच्या जागी १४,०००, ३,००० उंटांच्या जागी ६,०००. मुलं मात्र दुप्पट नाहीत. आधी सात मुलगे, तीन मुली, नंतरही तेवढेच. काही जण सांगतात, पहिली दहा देवाजवळ आहेतच, म्हणजे हिशेब दुप्पटच झाला. मीही तसंच मानते. तरी शेवटच्या अध्यायात नीट पाहा: देवाने दुप्पट दिलं हे सांगून झाल्यावर भाऊबंद त्याच्या घरी जेवायला येतात, आणि तेव्हाही त्याचं सांत्वनच करतात. मेंढरं भरून देता येतात, लेकरं नाही.

मेलेल्यांतून उठलेल्या प्रभू येशूनेही आपल्या थोमा या शिष्याला हात दाखवले, तेव्हा क्रुसावरच्या खिळ्यांच्या खुणा तिथेच होत्या.

पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकमधून बायबल मराठीत आणलं, ते काम पुरं केलं आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावला त्या गेल्या. किती गोड शेवट, असं प्रवचनात ऐकते. आदल्याच वर्षी त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली होती, हे मात्र क्वचितच कुणी सांगतं. मला ते दोन्ही एकत्र सांगायला हवं असं वाटतं.

म्हणून दुःखाच्या घरी ही म्हण मी तोंडातून काढत नाही. माझी आई ८४ वर्षांची होऊन, घरीच, आम्ही गीत म्हणत असताना शांतपणे गेली. कबरस्थानात एकजण म्हणाले, "ताई, शेवट गोड झाला हो." खरंच झाला होता, मी मान हलवली. आता माझा थोरला भाऊ तिला भेटला असेल, हेही मी मनापासून मानते. तो दीड वर्षाचा असताना तापाने गेला, माझ्या जन्माच्या आधी. शेवटच्या आठवड्यात आई मला त्याच्याच नावाने हाका मारत होती आणि मी "ओ" देत होते.