पणजोबांच्या पलीकडे कसं जायचं?

वंशावळ शोधणाऱ्या वाचकांची सातारा-सांगलीकडून आलेली पाच पत्रं या वेळी घेतली आहेत.

प्रश्न : पणजोबांपर्यंतची नावं घरात माहीत आहेत. जमीन अजून आमच्याकडेच आहे. पण सातबाऱ्यावर मागे जाताना गट नंबरच सापडेनासा होतो. पुढे काय करावं? (वाळवा तालुका)

उत्तर : बहुतेक जण इथेच अडकतात. गट नंबर हा जमिनीचा मूळ नंबर नाही. १९४७च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली गावागावांत गटवारी झाली, तेव्हा जुन्या सर्व्हे नंबरांचे गट पडले. त्यामुळे गटवारीच्या आधीच्या कागदांत गट नंबर शोधून काही हाती लागत नाही. आधी भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरणाचा तक्ता काढा. कोणत्या सर्व्हे नंबरचा कोणता गट झाला ते त्यात असतं. जुना सर्व्हे नंबर आणि हिस्सा कळला की तहसीलच्या अभिलेख कक्षात हस्तलिखित सातबारा आणि फेरफारांच्या, म्हणजे हक्कबदलाच्या नोंदींच्या, नकलांसाठी अर्ज करा. अर्जात गाव, सर्व्हे नंबर आणि फेरफार क्रमांक लिहा. नुसतं ‘आमच्या पूर्वजांचे सर्व उतारे’ असं लिहिलं, तर शोधणाऱ्याला कुठलं दप्तर उघडायचं तेच कळत नाही.

जुना उतारा हातात आला की कंस आणि वर्तुळ बघा. कमी झालेल्या खातेदाराच्या नावाला कंस केलेला असतो आणि शेजारी वर्तुळात फेरफाराचा आकडा असतो. वंशावळीचा दुवा तो आकडाच. त्या नंबरचा वारस-फेरफार काढला की मयत कोण, मुलगे किती, विधवा कोण हे एका परिच्छेदात मिळतं. त्यातून मागच्या फेरफाराचा आकडा मिळवायचा आणि असंच मागे जायचं.

यात चुका ठरावीक ठिकाणी होतात. फेरफाराची तारीख ही मृत्यूची तारीख नव्हे. वारसांनी वर्दी कधी दिली त्यावर ती ठरते आणि मध्ये दहा वर्षंही गेलेली असतात. नावापुढे ‘ए. कु. मॅ.’ असेल, तर ते एकत्र कुटुंबाच्या मॅनेजरचं, बहुधा थोरल्या भावाचं नाव. बाकीचे भाऊ उताऱ्यावर नाहीत, म्हणजे ते नव्हतेच असं धरू नका. ‘अ. पा. क.’ म्हणजे अज्ञानाचा, म्हणजे वयात न आलेल्या मुलाचा, पालनकर्ता. त्याला बाप समजून झाडच्या झाड चुकवलेली उदाहरणं कमी नाहीत. ‘सखू कोम बाळा’ म्हणजे बाळाची बायको सखू. मुलींची नावं मात्र १९५६च्या हिंदू वारसा कायद्याआधी क्वचितच सापडतात. त्यानंतरच्या वारस-फेरफारात त्या सासरच्या नावा-गावासकट येतात, म्हणून आत्यांच्या शाखा लावायला हेच कागद बरे.

नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत असल्याने रामा बिन ज्ञानू, ज्ञानू बिन रामा, पुन्हा रामा बिन ज्ञानू अशी माळ लागते (‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा). नुसत्या नावावरून पिढी ठरवलीत तर एक रामा हमखास गळतो. प्रत्येक नावापुढे सर्व्हे नंबर आणि साल लिहा. जोडीला कोतवाल बुक, म्हणजे गावचा जन्म-मृत्यू नोंदीचा नमुना १४, तहसीलमध्ये पाहा. जन्माच्या नोंदीत पुष्कळदा मुलाचं नावच नसतं. बापाचं नाव आणि ‘मुलगा’ एवढंच असतं. १९१८च्या मानमोडीच्या (इन्फ्लुएंझाच्या) साथीची पानं सावकाश वाचा. एकाच घरातले तीन-चार मृत्यू त्यात सापडतात आणि एखादी शाखा अचानक का खुंटली ते कळतं. शाळेच्या जनरल रजिस्टरातली जन्मतारीख १ जून असेल तर ती मास्तरांनी घातलेली समजा. बापाचं आणि गावाचं नाव तेवढं घ्या.

आणि एक. सांगली जिल्हा १९४९ साली ‘दक्षिण सातारा’ म्हणून झाला, सांगली हे नाव १९६० साली मिळालं. वाळवा, तासगाव इकडच्या १९४९च्या आधीच्या कागदांवर ‘जिल्हा सातारा’च असणार. मिरज, जत, औंध, फलटण ही संस्थानं होती, तिथली दप्तरं वेगळी.

प्रश्न : दर काही वर्षांनी हेळवी येऊन वंशावळ वाचून दाखवतात. ती खरी धरावी का? (मिरज तालुका)

उत्तर : टाकून तर मुळीच देऊ नका. सुगीनंतर येणाऱ्या हेळव्यांच्या वहीत मूळ गाव, भाऊबंद आणि फुटून दुसऱ्या गावी गेलेल्या शाखा असतात. हे कुठल्याच सरकारी दप्तरात एकत्र मिळत नाही. अलीकडच्या चार-पाच पिढ्या फेरफाराशी ताडून पाहा. त्या जुळल्या तर त्यामागच्या नावांवर भरवसा ठेवायला हरकत नाही. मात्र वंश थेट एखाद्या पुराणपुरुषाला किंवा राजघराण्याला भिडत असेल, तर तो भाग वेगळ्या शाईने लिहा. वाचन चालू असताना रेकॉर्डिंग करा, वहीच्या पानाचा फोटो विचारूनच घ्या, आणि धान्य-दक्षिणा हात आखडता न घेता द्या. वही त्यांच्या पोटाची आहे.

पंढरपूर, नाशिक, त्र्यंबकेश्वर इथल्या तीर्थोपाध्यांच्या वह्या आडनाव आणि गाव सांगितल्यावर उघडतात. आज तुम्ही ‘पाटील’ असाल, तरी मूळ आडनावही विचारायला सांगा. पाटील, कुलकर्णी, चौगुले ही वतनाची, म्हणजे गावच्या वंशपरंपरागत हुद्द्याची, नावं. वहीत खरं आडनाव असू शकतं.

प्रश्न : घरात एक मोडी कागद आहे. त्यावर ‘सबा सबैन मया व अलफ’ असं साल असल्याचं एकाने वाचून सांगितलं. हे कोणतं साल? (कोरेगाव)

उत्तर : हा शुहूर सन, म्हणजे जुन्या मराठी कागदांवरची एक कालगणना, अरबी आकड्यांत आणि एककापासून लिहिलेला. सबा म्हणजे ७, सबैन ७०, मया १००, अलफ १०००. बेरीज ११७७. हे वर्ष मृगाच्या सुमारास सुरू होतं, म्हणून तेव्हापासून डिसेंबरपर्यंतच्या तारखेत ५९९ आणि जानेवारीपासून पुढे ६०० मिळवायचे. तुमचा कागद १७७६-७७चा. सबा आणि सबैन, सित आणि सितैन यांत गल्लत झाली की साल कित्येक दशकं सरकतं. म्हणून दुसऱ्या जाणकाराकडूनही वाचून घ्या. कागदावर शकही असेल तर ताळा मिळतो : शकात ७८ मिळवा, जानेवारी ते फाल्गुनअखेर ७९.

मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घही पाळत नाहीत, त्यामुळे एका आडनावाची दोन वाचनं होतात. दोन्ही टिपून ठेवा. कागदाला लॅमिनेशन करू नका, घड्यांवर चिकटपट्टी लावू नका. उजेडात सरळ वरून फोटो काढा, मागच्या कोऱ्या बाजूचाही. शिक्का किंवा शेरा तिकडेच असतो.

प्रश्न : डीएनए चाचणीने मूळ गाव कळेल का? (सांगली)

उत्तर : नाही. सख्ख्या चुलत भावंडांत साधारण साडेबारा टक्के अंश समान असतो आणि पुढे तो झपाट्याने घटतो. दोन माणसांचं नातं पडताळायला ती उपयोगी, गावाचं नाव सांगायला नाही.

प्रश्न : आमचं गाव कोयनेच्या पाण्याखाली गेलं. कागद कुठे मिळतील? (कराड)

उत्तर : गाव बुडालं तरी दप्तर बुडालेलं नसतं. गाव तेव्हा पाटण तालुक्यात होतं की जावळीत, हे आधी नक्की करा आणि तिथल्या अभिलेख कक्षात जुने फेरफार मागा. त्याहून मोलाचा कागद म्हणजे भूसंपादनाचा निवाडा. मोबदला वाटताना सहहिस्सेदारांची नावं लिहावी लागत, म्हणून उताऱ्यावर न दिसणारे भाऊ आणि चुलते निवाड्यात सापडतात. त्यासाठी साताऱ्याला जिल्हाधिकारी कार्यालयाच्या भूसंपादन आणि पुनर्वसन शाखांत अर्ज करा. पुनर्वसनाची गावठाणं वेगवेगळ्या जिल्ह्यांत वसली असल्याने एकाच भावकीची नावं दोन-तीन वसाहतींच्या याद्यांत विखुरलेली असतील. अर्जात जुन्या गावाचं नाव आणि सर्व्हे नंबर दोन्ही घाला.